मालागोलाणूंची कुळे लावणारी विदुषी : रेबेका लान्सफील्ड

इ. स. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि गावोगावच्या तरुणांना घाईघाईने उभारलेल्या छावण्यांतून एकत्र आणण्यात आले. दूरदूरच्या शेतवाड्यांवर वाढलेल्या यांपैकी अनेकांना बालपणी गोवर आलेला नव्हता. छावणीत गोवराची साथ पसरली आणि गोवर उतरतो न उतरतो तोच कित्येकांना फुप्फुसदाहाने गाठले. रणभूमीचे दर्शनही न घडता टेक्सस प्रांतातील छावण्यांच्या रुग्णालयांत अनेक धडधाकट तरुण प्राणास मुकले. त्यांच्या घशातील व छातीतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली धरला म्हणजे मण्यांच्या माळेप्रमाणे ओळीने गुंफलेले बारीक गोल जंतू दृष्टीस पडत. हाच स्ट्रेप्टोकॉकस. मराठीत त्याला मालागोलाणू असे अन्वर्थक नाव आहे.

हा जंतू डॉक्टरांना नवा नव्हता. बाळंतिणींचा सूतिकाज्वर, अंगावर लाल पुरळ उठविणारा लोहितांग ज्वर, विसर्प, चिघळलेल्या जखमा आणि साधी घसादुखी या सर्वांच्या मुळाशी तोच सापडे. कोडे पडत होते ते निराळेच. एकाचा घसा चार दिवस दुखून बरा होतो आणि दुसऱ्याच्या रक्तात तोच जंतू शिरून दोन दिवसांत त्याचा अंत करतो, हे कसे? हा एकच शत्रू आहे, की एकाच चेहऱ्याचे अनेक शत्रू आहेत? सूक्ष्मदर्शकाखाली तर सर्व माळा सारख्याच दिसत. या प्रश्नाच्या उत्तरासाठी जिने आपल्या आयुष्याची साठांहून अधिक वर्षे वेचली, त्या विदुषीचे हे चरित्र आहे.

रेबेका क्रेगहिल हिचा जन्म ५ जानेवारी १८९५ रोजी न्यूयॉर्कजवळील स्टेटन बेटावरच्या फोर्ट वॉड्सवर्थ या लष्करी ठाण्यात झाला. वडील सैन्याच्या अभियंता दलात अधिकारी होते. त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंबाचे बिऱ्हाड या ठाण्यावरून त्या ठाण्यावर हले. घरात मुलीच मुली. मुलींनी भरपूर शिकावे असा आईचा आग्रह होता, आणि त्या काळी तिकडेही ही गोष्ट सरसकट आढळत नसे. वेलस्ली येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात रेबेका गेली ती फ्रेंच व इंग्रजी वाङ्मय शिकण्याच्या इराद्याने. परंतु खोलीतली मैत्रीण प्राणिशास्त्राचा अभ्यास करी. तिचे ते काम पाहता पाहता हिचे मन वाङ्मयावरून उडाले आणि १९१६ साली ती प्राणिशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली. आयुष्याची दिशा ठरविणारे असे प्रसंग बहुधा क्षुल्लकच असतात. खोलीतली मैत्रीण दुसरी कोणी असती, तर आपल्याला आज एक फ्रेंचची शिक्षिका अधिक लाभली असती, इतकेच.

पुढील शिक्षणास पैसा नव्हता. व्हरमाँटमधील एका मुलींच्या निवासी शाळेत तिने वर्षभर शिकविले आणि तुटपुंज्या पगारातून काटकसरीने काही रक्कम शिल्लक टाकली. लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलींसाठी असलेली एक शिष्यवृत्तीही मिळाली. या दोहोंच्या बळावर ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाली आणि जंतुशास्त्रज्ञ हान्स झिन्सर यांच्या विभागात राहून १९१८ मध्ये एम. ए. झाली. त्याच वर्षी डोनाल्ड लान्सफील्ड या सहाध्यायाशी तिचा विवाह झाला. माशांच्या आनुवंशिकतेवरील प्रयोगांनी जगप्रसिद्ध झालेल्या टॉमस हंट मॉर्गन यांच्या विभागात ते संशोधन करीत होते. यापुढे आपणही रेबेकाला लान्सफील्डबाई म्हणू.

विवाहानंतर त्यांना नोकरी मिळाली ती रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, आणि तीही केवळ साहाय्यकाची. परंतु ज्यांच्या हाताखाली ती होती ते ऑस्वाल्ड एव्हरी आणि अल्फोन्स डोशे हे दोघे संशोधक छावण्यांतील त्याच भयंकर साथीचा छडा लावण्यात गुंतले होते. टेक्ससच्या रुग्णालयांतून गोळा केलेले मालागोलाणूंचे १२५ वाण काचेच्या नळ्यांतून त्यांच्यापुढे आले. हे सारे वाण एक की अनेक, हे ठरविण्याचे काम सुरू झाले. प्राण्याला एक वाण टोचून त्याच्या रक्तापासून रक्तजल तयार करावयाचे आणि ते कोणकोणत्या वाणांवर परिणाम करते ते पाहावयाचे, अशी ही पद्धत. शेकडो वेळा तेच ते करावे लागे. अखेरीस उत्तर मिळाले. शत्रू एक नव्हता. बहुतेक वाण चार स्पष्ट प्रकारांत विभागले गेले आणि काही वाण त्या चारांतही बसेनात. १९१९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा साहाय्यक लान्सफील्डबाईंचे नाव दोघा ज्येष्ठांच्या नावांशेजारी लेखक म्हणून छापलेले होते. साहाय्यकांचे ऋण सामान्यतः निबंधाच्या तळटिपेत फेडले जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

त्यानंतर काही काळ निराळी कामे करण्यात गेला. मध्यंतरी पतीबरोबर ओरेगॉन येथे वर्षभर अध्यापन झाले. १९२२ साली त्या रॉकफेलरच्या रुग्णालयात परतल्या त्या होमर स्विफ्ट यांच्या हाताखाली संधिज्वराचा शोध घेण्यासाठी. हा रोग मुलांचा वैरी. घसा दुखून बरा होतो, दोनतीन आठवडे जातात, मग सांधे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. आपल्या देशातही आजतागायत या रोगाने शाळकरी वयाची मुले हृदयरोगी होतात, म्हणून घसा दुखून ताप आल्यास तो अंगावर काढू नये, हे वाचकांना येथेच सांगून ठेवतो. एका विशिष्ट जातीच्या, हिरवट छटा उमटविणाऱ्या मालागोलाणूंवर या रोगाचा संशय होता. लान्सफील्डबाईंनी त्या जातीची छाननी केली व तिच्यावरील संशय निराधार असल्याचे दाखविले. याच कामावर १९२५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. निरपराध्याची सुटका करणे हेही तपासाचेच काम असते.

आता त्या पुन्हा खऱ्या गुन्हेगाराकडे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी फोडणाऱ्या मालागोलाणूंकडे वळल्या. त्यांनी अवलंबिलेली युक्ती ऐकावयास सोपी आहे. जंतू वाढवून, वेगाने फिरणाऱ्या यंत्राने त्यांचा साका तळाशी बसवावयाचा. त्यात अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्यात काही मिनिटे धरावयाची. नंतर आम्लता मारून वरचे निवळ पाणी काढून घ्यावयाचे. त्या पाण्यात जंतूची अंगद्रव्ये उतरलेली असतात. केसासारख्या बारीक नळीत हे पाणी व सशाचे रक्तजल यांची गाठ घालून द्यावयाची. ओळख पटली तर पांढुरका साका धरतो आणि न पटली तर नळी स्वच्छ राहते. सर्व तपास त्या ढगाएवढ्या खुणेवर चाले.

या पाण्यात त्यांना दोन निराळी द्रव्ये आढळली. एक द्रव्य प्रत्येक प्रकारात वेगळे होते आणि दुसरे पुष्कळ प्रकारांत समाईक होते. आपल्याकडील रीतीने बोलावयाचे तर पहिले व्यक्तीचे नाव आणि दुसरे कुळाचे आडनाव. नाव सांगणारे द्रव्य प्रथिन निघाले, ही एक नवलाचीच गोष्ट झाली. कारण फुप्फुसदाहाच्या जंतूत हेच काम साखरेच्या जातीचे द्रव्य करते, असे एव्हरींच्याच प्रयोगशाळेत नुकतेच सिद्ध झाले होते. हे प्रथिन ज्या जंतूंच्या अंगी भरपूर असे, त्यांच्या वसाहती काचेच्या बशीत निस्तेज पृष्ठभागाच्या दिसत. म्हणून निस्तेज या अर्थाच्या मॅट या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला एम प्रथिन म्हणू लागले. १९२८ साली हे निबंध प्रसिद्ध झाले. पुढील संशोधनात असे दिसून आले, की हे प्रथिन म्हणजे नुसता शिक्का नसून जंतूची ढालच होय. ही ढाल असली म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींना त्याला गिळता येत नाही. प्रयोगशाळेच्या आयत्या अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला जंतू मात्र ही ढाल टाकून देतो आणि निरुपद्रवी होतो. शरीर ज्या प्रकाराशी झुंजते त्याच प्रकाराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. बाराव्या प्रकाराने आजारी पडलेल्याला पहिल्या प्रकारापासून संरक्षण नाही. मुलांचा घसा वारंवार का धरतो, याचे उत्तर असे त्या बारीक नळीत मिळाले.

आडनावाचा उलगडा १९३३ साली झाला. माणसे, जनावरे, दूध व चीज यांतून मिळालेल्या १०६ वाणांची त्यांनी पाच गटांत वर्गवारी केली आणि त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी साधी नावे दिली. माणसाला घातक ठरणारे बहुतेक सर्व ए गटात आले. बी गट गाईंच्या कासेच्या रोगात सापडे, सी गट नाना प्राण्यांत, डी चीजमध्ये व ई दुधात. आजही जगातल्या प्रयोगशाळा हीच अक्षरे वापरतात. ज्या बी गटाला तेव्हा गाईंचा जंतू मानले गेले, तोच नवजात अर्भकांच्या रक्तात व मेंदूच्या आवरणात शिरून प्राण घेतो, हे पुढे कळून आले. त्या गटाचे प्रकारही लान्सफील्डबाईंनीच आधी लावून ठेवलेले होते.

या वर्गवारीचा पहिला मोठा लाभ बाळंतिणींना झाला. रॉनल्ड हेअर यांच्यासह केलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की प्रसूत स्त्रियांच्या शरीरात निरनिराळ्या गटांचे मालागोलाणू नांदत असतात; परंतु जीवघेणा सूतिकाज्वर आणतात ते जवळजवळ सर्व ए गटाचेच. मग ते बाळंतिणीपर्यंत येतात कोठून? लंडनमध्ये डोरा कोलब्रुक या डॉक्टरबाईंनी प्रकार जुळवून पाहिले, आणि अनेकदा तोच प्रकार शुश्रूषा करणाऱ्यांच्या नाकाघशात निघाला. ज्या हातांनी बाळ जगात आणले, त्याच मंडळींच्या श्वासातून आईला मरण आले होते. नुसता मालागोलाणू आढळला एवढ्यावर कोणालाही बोल लावता आला नसता, कारण तो सर्वत्रच असतो. नावानिशी ओळख पटली, तेव्हा वाट सापडली आणि ती अडविताही आली.

लंडनमध्येच फ्रेडरिक ग्रिफिथ हे अतिशय अबोल गृहस्थ सरकारी आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत याच मार्गाने चालले होते. फुप्फुसदाहाच्या रुग्णांत कोणत्या वर्षी कोणता प्रकार किती आढळतो याची ते नोंद ठेवीत, आणि काही वर्षांत दुसरा प्रकार बराच मागे हटल्याचे त्यांना दिसून आले. प्रकार असे बदलतात तरी कसे, या विचारातून त्यांनी १९२८ साली जो प्रयोग केला त्यात मृत जंतूंच्या सान्निध्याने जिवंत जंतूंचा प्रकारच पालटला. त्याच धाग्यावरून १९४४ मध्ये एव्हरी व त्यांचे सहकारी डी. एन. ए. हे आनुवंशिकतेचे द्रव्य असल्याच्या शोधापर्यंत पोहोचले. साथींची वार्षिक जंत्री ठेवण्यासारख्या रुक्ष कामातून एवढे रत्न निघावे, ही गोष्ट आमच्या विज्ञानाच्या वर्गात अधिक वेळा सांगितली गेली पाहिजे.

ग्रिफिथ यांनी पुढे मालागोलाणूंचेही प्रकार पाडले. परंतु त्यांची पद्धत वेगळी होती आणि दोघांच्या याद्या सर्वत्र जुळत नव्हत्या. अशा वेळी विद्वानांत कडाक्याचा वाद पेटतो. या दोघांनी मात्र आपापले वाण व रक्तजले एकमेकांकडे समुद्रापार धाडली. लान्सफील्डबाईंनी चिकाटीने उलगडा केला, की ग्रिफिथ यांच्या पद्धतीत एम प्रथिनाखेरीज दुसरेही एक प्रथिन भाग घेते. त्याला टी असे नाव मिळाले. त्याचा ओळखीला उपयोग होतो, पण जंतूच्या मारकपणाशी त्याचा संबंध नाही. ग्रिफिथ यांनी दिलेले प्रकारांचे क्रमांक त्यांनी तसेच चालू ठेवले. स्वतः ग्रिफिथ १९४१ च्या एप्रिलमध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यात, आपले सहकारी स्कॉट यांच्यासह, ठार झाले.

दुसऱ्या महायुद्धात छावण्या पुन्हा भरल्या आणि लोहितांग व संधिज्वर पुन्हा आले. या वेळी मात्र सैन्याने मालागोलाणूजन्य रोगांसाठी खास समिती नेमली होती व लान्सफील्डबाईंची प्रयोगशाळा तिचा आधार होती. ठिकठिकाणांहून नळ्या येत, प्रकार ठरून उत्तरे जात. नौदलाने तरुणांना सल्फाडायझीनच्या गोळ्या सरसकट देऊन पाहिल्या. साथ प्रथम दबली आणि लवकरच औषधाला दाद न देणारे काही ठराविक प्रकार पसरले. वाणांची हजेरी घेतली जात होती म्हणूनच हा बदल वेळीच उमगला. पेनिसिलिनला मात्र हा जंतू आजही बळी पडतो, हे आपले भाग्य. १९५३ साली मिनेसोटातील रेड लेक येथे आदिवासी मुलांत मूत्रपिंडदाहाची साथ आली. तिचा जंतू ज्ञात प्रकारांपैकी एकाशीही जुळेना. पुढे त्याला एकोणपन्नासावा क्रमांक मिळाला. एकाच गटातील काही नावे मूत्रपिंडावर चाल करतात, काही हृदयावर आणि काही सरळ रक्तात शिरतात, हे आता स्पष्ट होत चालले होते.

त्यांच्या प्रयोगशाळेला मित्रमंडळी कौतुकाने मालागोलाणूंचे स्कॉटलंड यार्ड म्हणत. पण गुप्तहेरांच्या कथांतील झगमगाट तेथे नव्हता. नळ्यांच्या रांगा, सशांची रक्तजले, आणि प्रत्येक वाण कोठून, कोणत्या रोग्याकडून, कोणत्या वर्षी आला याच्या नोंदी, एवढाच तो संसार. परदेशांतून कोणीही ओळख नसलेला संशोधक वाण पाठवी, आणि बाईंना खात्री पटेपर्यंत तपासलेले उत्तर त्याला मिळे. नाताळापूर्वी मात्र त्याच ठिकाणी अंडी, दूध व मद्य यांचे त्यांनी स्वतः सिद्ध केलेले पेय सहकाऱ्यांना वाटले जाई आणि त्याचीही ख्याती निबंधांइतकीच होती. घरी पती आणि कन्या जेन अशी लहानशी गृहस्थी होती.

मान मिळाला, पण सावकाश. १९४३ मध्ये अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेचे आणि १९६१ मध्ये प्रतिकारशास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दुसऱ्या संस्थेच्या त्या पहिल्याच स्त्री अध्यक्ष. रॉकफेलरमध्ये प्रथम पाऊल ठेवल्यास चाळीस वर्षे लोटल्यावर, १९५८ साली, त्यांना पूर्ण प्राध्यापकाचा दर्जा मिळाला, आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व १९७० साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी. हा विलंब शोभादायक होता असे मला वाटत नाही. त्यांनी त्याविषयी गाजावाजा केला नाही. १९६५ पासून कागदोपत्री त्या निवृत्त होत्या, तरी प्रयोगशाळेत येणे चालूच होते. एकदा झालेल्या रोगाची प्रतिपिंडे माणसाच्या रक्तात तीस वर्षांपर्यंत टिकू शकतात, हे त्यांनी १९५९ साली दाखविले ते जुन्या नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच. १९८० च्या नोव्हेंबरात पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर त्यांना पुन्हा कामावर येता आले नाही. ३ मार्च १९८१ रोजी, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्या वेळी अनेकांची अशी समजूत होती, की मालागोलाणूंचे युग संपले; पाश्चात्त्य देशांत लोहितांग सौम्य झाला होता आणि संधिज्वर विरळ. ही समजूत फार काळ टिकली नाही. १९८९ साली अमेरिकेच्या रॉकी पर्वतप्रदेशातील वीस रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांतील बरेचसे पूर्वी निरोगी होते. रक्तदाब कोसळून, मांस सडून, एकामागून एक अवयव निकामी होऊन त्यांतले जवळजवळ एकतृतीयांश दगावले. युरोपातूनही अशाच वार्ता येऊ लागल्या. अशा रुग्णांत पहिला प्रकार पुनःपुन्हा आढळे. पण पहिला प्रकार जुनाच होता. मग हा एकाएकी एवढा क्रूर का झाला?

येथे नाव पुरेसे पडेना, जन्मकुंडलीच पाहावी लागली. १९९० नंतर रक्तजलाऐवजी एम प्रथिनाचे जनुक वाचून प्रकार ठरविण्याची रीत आली आणि प्रकारांची संख्या दोनशेंच्या वर गेली. पुढे जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागला. २०१४ साली पहिल्या प्रकाराच्या ३,६१५ वाणांचे असे वाचन प्रसिद्ध झाले. त्यावरून कळले, की हा वाण टप्प्याटप्प्याने घडला. जंतूंवर जगणाऱ्या विषाणूंनी त्याला आधी एक व मग दुसरे शस्त्र आणून दिले. त्यानंतर १९८० च्या दशकाच्या आरंभी कोठेतरी एकाच पेशीत विष निर्माण करणारा आणखी एक मोठा जनुकखंड परक्या जंतूकडून येऊन बसला. त्या एका पेशीची प्रजा खंडोखंडी पसरली. लान्सफील्डबाई जग सोडून जात होत्या त्याच सुमारास ही घटना घडली.

इंग्लंडात २०१४ पासून लोहितांगाचे रुग्ण वाढू लागले तेव्हा तेथील संशोधकांनी याच प्रकाराची नवी शाखा शोधून काढली व २०१९ साली जाहीर केली. जनुकसंचातील अवघ्या २७ अक्षरांचा फरक, पण तिच्याकडून लोहितांगाचे विष अधिक प्रमाणात बाहेर पडते. २०२२ च्या हिवाळ्यात त्या देशात अनेक मुले या जंतूने दगावली. त्या वेळीही रुग्णालयांतून आलेल्या वाणांत याच शाखेचा भरणा होता. तिला ओळखणाऱ्यांनी जुन्या पहिल्या प्रकाराशी तिची अक्षरे ताडून पाहिली होती. बाईंनी जमविलेले हजारो वाण, त्यांच्या क्रमांकांसह, रॉकफेलरमध्ये जतन करून ठेवलेले आहेत, आणि त्यांतील नळ्या आजही तपासासाठी बाहेर काढल्या जातात.